गुप्तदान आणि मुलाचा प्रश्न

दान द्यावें आणि त्याची वाच्यता करूं नये, असें आपल्याकडे लहानपणापासून शिकविलें जातें. देवळाच्या पेटींत पैसे टाकणाराचें नांव कोणी विचारीत नाहीं, आणि गुप्तदानाचें पुण्य अधिक ही समजूत अजूनहि घरोघर आहे. आज ज्या दानाविषयीं मला बोलावयाचें आहे, तेंहि पुष्कळ देशांत गुप्तपणेंच दिलें जातें. परंतु त्याची जात निराळी आहे. अन्नाचें किंवा द्रव्याचें दान ज्याला पोंचतें तो तें घेऊन मोकळा होतो. ह्या दानापासून मात्र एक मनुष्य जन्माला येतो, वाढतो, आणि अठरा-वीस वर्षांनीं विचारूं लागतो कीं, देणारी कोण होती? हें दान म्हणजे स्त्रीबीजाचें दान.

ज्या स्त्रीला स्वतःचें बीज कांहीं कारणानें उपयोगी पडत नाहीं, तिच्यासाठीं दुसऱ्या स्त्रीचें बीज घ्यावयाचें, प्रयोगशाळेंत त्याचा पतीच्या शुक्राणूशीं संयोग करावयाचा, आणि तो गर्भ पहिलीच्या उदरांत ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. १९८३-८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत व अमेरिकेंत ती प्रथम यशस्वी झाली. पुरुषाच्या दानाला फारसे सायास पडत नाहींत. दात्रीला मात्र दहाबारा दिवस संप्रेरकांच्या सुया टोंचून घ्याव्या लागतात, मग भूल देऊन सुईनें बीजें काढून घेतात, आणि क्वचित् अंडाशय सुजून तिच्या प्रकृतीला धोकाहि पोंचतो. एवढें सोसून ती जें देते त्याच्यावर तिचा पुढें कांहीं हक्क राहत नाहीं, आणि मुलाची जबाबदारीहि तिच्यावर पडत नाहीं. ह्याबद्दल देशोदेशींच्या कायद्यांत फारसा वाद नाहीं. वाद आहे तो एवढाच, कीं तिचें नांव मुलाला कळावें कीं न कळावें.

स्वीडननें ह्या बाबतींत सर्वांच्या आधीं पाऊल टाकलें. मार्च १९८५ मध्यें तेथें अंमलांत आलेल्या कायद्यानें, शुक्रदात्याचें नांव जाणत्या वयाच्या मुलाला मिळालें पाहिजे असें ठरविलें; पुढें २००३ सालीं स्त्रीबीजदानाला परवानगी मिळाली, तेव्हां दात्रीलाहि तोच नियम लागला. हॉलंडनें २००४ सालीं निनावी दान बंद केलें. ब्रिटनमध्यें १९९१ पासून दात्यांचीं नांवें सरकारी नोंदवहींत लिहिलीं जात होतीं खरीं, परंतु मुलाला मिळे ती माहिती उंची, डोळ्यांचा रंग, व्यवसाय अशा प्रकारची, म्हणजे माणूस ओळखतां येऊं नये इतकीच. १ एप्रिल २००५ पासून तेथील नियम पालटला. त्यानंतर नोंद झालेल्या दात्याचें किंवा दात्रीचें नांव, जन्मतारीख आणि शेवटचा ठाऊक असलेला पत्ता, मूल अठरा वर्षांचें झालें कीं त्याला मागतां येतो. ह्या नव्या नियमाखालीं जन्मलेलीं पहिलीं मुलें २०२३ च्या अखेरीस त्या वयाला पोंचलीं.

आतां स्पेनकडे पाहा. तेथें १९८८ च्या आणि पुढें २००६ च्या कायद्यानें हें दान गुप्तच असलें पाहिजे असा दंडक घातला. दात्रीनें स्वतः होऊन नांव सांगावें म्हटलें तरी सोय नाहीं. घेणाऱ्या दांपत्यालाहि तिचें दर्शन होत नाहीं. दात्रीची निवड वैद्यकीय मंडळींनीं करावयाची. मुलाच्या जिवावर बेतलें, किंवा फौजदारी न्यायालयाचें काम निघालें, तरच तो पडदा किंचित् बाजूस होतो. दानाची विक्री होऊं नये असें तेथील कायदाहि म्हणतो, परंतु दात्रीच्या श्रमाची भरपाई म्हणून हजार युरोंच्या आसपास रक्कम देण्याची वहिवाट पडली आहे. गरजू विद्यार्थिनीच्या किंवा बेकार तरुणीच्या दृष्टीनें ती लहान नव्हे. दात्री पुष्कळ मिळतात, वाट पाहावी लागत नाहीं, आणि म्हणून साऱ्या यूरोपांतून अपत्यहीन दांपत्यें स्पेनला जातात. झेक प्रजासत्ताकांतहि दान निनावी असतें, आणि तेथेंहि हीच रीघ आहे.

ह्याचा परिणाम काय होतो तो एका उदाहरणानें सांगतों. समजा, लंडनमध्यें राहणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाहि दुसरीच्या बीजावांचून मूल होणें शक्य नाहीं. थोरलीनें लंडनमधल्याच दवाखान्यांत उपचार घेतले. धाकटी वाट पाहून कंटाळली आणि बार्सिलोनाला जाऊन आली. दोघींचीं मुलें एकाच रस्त्यावर वाढतात, एकाच शाळेंत जातात. अठरा वर्षें पुरीं झाल्यावर थोरलीच्या मुलाला सरकारकडून उत्तर मिळेल. धाकटीच्या मुलाला जन्मभर मिळणार नाहीं. दोघांच्या हक्कांत हा भेद पडला तो आयांच्या प्रवासाच्या तिकिटानें. जर्मनीची स्थिति तर ह्याहून विलक्षण. आपला जन्म कोणापासून झाला हें जाणण्याचा मुलाचा हक्क तेथील सर्वोच्च घटनान्यायालयानें १९८९ सालींच मान्य केला, आणि २०१८ पासून शुक्रदात्यांची राष्ट्रीय नोंदवहीहि आहे. परंतु स्त्रीबीजदानाला मात्र १९९१ पासून कायद्यानें मज्जाव आहे. साहजिकच जर्मन स्त्रिया सरहद्द ओलांडून जेथें नांव गुप्त राहतें त्याच देशांत जातात. मुलाच्या मूळ ओळखीची एवढी कदर करणाऱ्या कायद्यानें मुलांना नेमकें त्याच ओळखीला मुकविलें आहे. अमेरिकेंत तर देशभर लागू होणारा कायदाच नाहीं. बराच काळ सर्व कारभार करारावर आणि किंमतीवर चालला. कोलोराडो ह्या एका संस्थानानें १ जानेवारी २०२५ पासूनच्या दात्यांसाठीं निनावीपण बंद केलें, आणि असें करणारें तें तेथलें पहिलेंच.

नव्या दात्यांपुरता नियम बदलणें तसें सोपें आहे. अडतें तें जुन्या वचनापाशीं. ज्या दात्यांना 'तुमचें नांव कधींहि बाहेर पडणार नाहीं' असें सांगून दान घेतलें, त्यांच्या मुलांनीं नांव मागितलें तर काय करावयाचें?

ह्याची खरी कसोटी ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया संस्थानांत लागली. तेथें मुलांचे तीन वर्ग पडले होते. १९९८ पासून घेतलेल्या दानाचीं मुलें हक्कानें नांव मागूं शकत. १९८८ च्या मध्यापासून १९९७ पर्यंतच्यांना दात्याची संमति असेल तरच नांव मिळे. आणि त्यापूर्वींच्यांना कांहींच नाहीं. ह्या शेवटच्या वर्गांत एक तरुणी होती. आपण शुक्रदानापासून जन्मलों हें तिला वयाच्या पंधराव्या वर्षीं कळलें, आणि तेव्हांपासून ती दात्याच्या शोधांत होती. २०११ सालीं तिला आंतड्याचा कर्करोग जडल्याचें निघालें, तें बरेंच पुढें गेलेल्या अवस्थेंत. हा रोग कधीं कधीं रक्तांतून येतो. आपलीं भावंडें दुसऱ्या घरांत वाढत असतील आणि त्यांना ह्याची वार्ताहि नसेल, हें तिच्या जिवाला लागून राहिलें. सरकारी पातळीवरून खटपट झाली आणि २०१३ च्या आरंभीं तिची व दात्याची भेट झाली. त्यानंतर कांहीं आठवड्यांतच, वयाच्या तिसाव्या वर्षीं, ती वारली. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळानें २०१६ सालीं कायदा केला आणि १ मार्च २०१७ पासून, दान कोणत्याहि सालचें असो, दात्याची संमति असो वा नसो, मुलाला नांव मिळूं लागलें.

हा वचनभंग होय, असें तेव्हां म्हटलें गेलें, आणि तें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं वैद्याच्या शब्दावर विसंबून ज्यानें दान केलें, आणि आज जो स्वतःच्या बायकामुलांत सुखानें राहतो, त्याच्या दाराशीं असा प्रश्न येऊन उभा राहावा हें थोडें कठोरच आहे. परंतु व्हिक्टोरियानें एक गोष्ट शहाणपणाची केली. नांव कळणें आणि भेट घेणें ह्या दोन गोष्टी तिनें वेगळ्या काढल्या. दात्याला 'माझ्याशीं संपर्क नको' असें लिहून देतां येतें, आणि तें मोडणाऱ्या मुलाला दंड होतो. मला स्वतःला ही तडजोड पटते. वैद्यानें दात्याला जें वचन दिलें तें तिसऱ्याच माणसाच्या जन्मासंबंधीं दिलें होतें, आणि तो तिसरा तेव्हां जन्मलाहि नव्हता. त्याच्या वतीनें 'हा कधींहि विचारणार नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार त्या खोलींतील दोघांनाहि नव्हता.

फ्रान्सनें निराळा मार्ग धरला. १ सप्टेंबर २०२२ पासून नांव उघड करण्यास संमति दिल्यावांचून तेथें दान करतां येत नाहीं. जुन्या दात्यांना मात्र विचारावयाचें, आणि त्यांनीं नाहीं म्हटलें तर नांव झांकलेलेंच ठेवावयाचें. ह्याविरुद्ध दोन व्यक्ति स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयांत गेल्या. न्यायाधीशांत मतभेद झाला, पण ७ सप्टेंबर २०२३ रोजीं बहुमतानें निकाल फ्रान्सच्या बाजूनें लागला.

कायदा कोणताहि असो, नांव गुप्त ठेवणें आतां त्याच्याहि हातीं पुरतेंसें राहिलेलें नाहीं. थोडी लाळ नळींत घालून पाठविली कीं आनुवंशिक तपासणी करणाऱ्या कंपन्या रक्ताचे नातेवाईक शोधून देतात. दात्रीनें स्वतः तपासणी केलेली नसली तरी तिच्या एखाद्या मावसबहिणीनें केलेली पुरते. कोणत्याहि वैद्यानें आज दात्रीला कायमच्या गुप्ततेची हमी द्यावी हें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

उलट बाजूहि आहे. आईबापांनीं मुलाला सांगितलेंच नाहीं, तर स्वीडन-ब्रिटनचा हक्क कागदावरच राहतो. ज्याला प्रश्न पडलाच नाहीं तो उत्तर मागणार कोठून? व्हिक्टोरियानें ह्यावर उपाय काढला आहे. २०१० पासून तेथें अशा व्यक्तीनें मोठेपणीं जन्माचा दाखला मागितला तर 'आपल्यासंबंधीं अधिक माहिती उपलब्ध आहे' अशी पुरवणी त्याला जोडलेली असते. परक्या कारकुनाच्या हातून हें कळण्यापेक्षां घरींच कळलेलें बरें, एवढी जाणीव आईबापांना झाली तरी त्या पुरवणीचें काम झालें.

आपल्या देशांत ह्या विषयावरचा कायदा २०२१ चा. तो जानेवारी २०२२ मध्यें अंमलांत आला. दात्रीचें वय तेवीस ते पस्तीस असावें, जन्मांत एकदांच दान करावें, सातांहून अधिक बीजें काढूं नयेत, आणि तिचा विमा उतरावा, अशा तिच्या रक्षणाच्या तरतुदी त्यांत आहेत. जन्मलेलें मूल घेणाऱ्या दांपत्याचेंच. २०२४ च्या ऑगस्टमध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें होतें. तेथें पत्नीच्या बहिणीनें बीज दिलें होतें, आणि पति-पत्नींत बेबनाव झाल्यावर तीच खरी आई असा वाद पतीनें घातला. बीज दिल्यानें आईपणाचा कायदेशीर हक्क येत नाहीं, असें सांगून न्यायालयानें पत्नीला मुलींना भेटण्याची मोकळीक दिली.

आपल्या जुन्या दत्तकविधानांत मुलाचें जन्मकुळ कधींच पुसलें जात नसे. दत्तक गेलेल्याचा विवाह जन्मकुळांतील निषिद्ध नात्यांत होऊं नये हा नियम १९५६ च्या कायद्यांतहि कायम आहे, आणि तो पाळावयाचा तर तें कुळ ठाऊक असावेंच लागतें. स्त्रीबीजाच्या बाबतींत मात्र मुलाला दात्रीचें नांव मागण्याचा हक्क नव्या कायद्यानें दिलेला नाहीं. ह्याला एक कारण आहे आणि तें खोटें नाहीं. आपल्याकडील दात्री बहुधा गरिबाघरची. तिनें सासरीं काय सांगितलें असेल, किंवा कांहींच सांगितलें नसेल, कोण जाणे. अठरा वर्षांनीं तिच्या चाळींत कोणी चौकशीला आला तर तिच्यावर काय प्रसंग गुदरेल ह्याचा विचार केलाच पाहिजे.

पण नांव नाहींसें झालेलें नाहीं. दात्रीचें नांव, पत्ता व आधार क्रमांक बीजपेढीनें नोंदून ठेवावयाचा आहे, आणि दहा वर्षांनंतर ते कागद राष्ट्रीय नोंदणीकडे जावयाचे आहेत. कपाट आहे, त्यांत कागद आहे, आणि किल्ली मुलाच्या हातीं नाहीं. ह्या कायद्याखालीं जन्मलेलीं पहिलीं मुलें २०४० च्या पुढें सज्ञान होऊं लागतील. पुढें येणाऱ्या दात्रींना आधींच स्पष्ट सांगून, आणि भेट नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवून, नियम बदलावयाला तोंवर पुष्कळ अवधि आहे.