वडिलांनी न शिकविलेला खेळ

खेळाची आवड ही बहुधा वारशाने येते. कोलकत्यातील मुलगा मोहन बागानच्या बाजूचा होणार की ईस्ट बंगालच्या, हे पुष्कळदा त्याच्या जन्माआधीच ठरून गेलेले असते. वडील किंवा काका त्याचे बोट धरून त्याला मैदानावर नेतात. ओरडावे केव्हा आणि हळहळावे केव्हा, हे त्याला शिकवितात. पुढे तोच मुलगा आपल्या मुलाचे बोट धरतो. अमेरिकेत हा मान पिढ्यान् पिढ्या बेसबॉलकडे राहिला. बापलेकांनी संध्याकाळी अंगणात बेसबॉलचा चेंडू एकमेकांकडे फेकीत उभे राहावे, हे तेथील कौटुंबिक सुखाचे जणू बोधचित्रच होऊन बसले आहे. अशा या देशात गेल्या पन्नास वर्षांत एक उलट गोष्ट घडली. मुलांनी वडिलांचे बोट धरले, आणि वडिलांना ज्याचे नियमही धड ठाऊक नव्हते अशा एका खेळाच्या मैदानावर त्यांना नेले. हा खेळ म्हणजे सॉकर.

भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात, तोच हा खेळ. अमेरिकेत मात्र फुटबॉल हे नाव दुसऱ्याच एका खेळाने पटकाविले आहे. त्यात खेळाडू अंगात चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण घालतात व लंबगोल चेंडू बहुतकरून हातात धरूनच धावतात. सॉकर हा शब्द ऐकताना अमेरिकन वाटतो; तथापि तो जन्माने इंग्रज आहे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, आणि असोसिएशन या लांबलचक शब्दाची मोडतोड करून तेथील विद्यार्थ्यांनी सॉकर हे लाडके नाव घडविले. इंग्लंडने पुढे ते टाकून दिले. अमेरिकेने ते जपून ठेवले.

नाव जपले, पण खेळ जपला असे मात्र म्हणता येत नाही. १८६९ साली रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत जो प्रसिद्ध सामना झाला, तो पुष्कळसा चेंडू पायाने मारण्याच्या पद्धतीचाच होता. परंतु हार्वर्डला रग्बीची धाटणी अधिक पसंत पडली, आणि हार्वर्डच्या मागोमाग इतरही विद्यापीठे गेली. विद्यापीठांतून उठलेला हा खेळ मग गिरणगावांत राहिला. फॉल रिव्हर येथील कापडगिरण्या, बेथलेहेमचा पोलादाचा कारखाना, न्यू जर्सीतील कर्नी गावची स्कॉटिश वस्ती, सेंट लुइस शहरातील परदेशातून आलेल्यांचे मोहल्ले, ही त्याची आश्रयस्थाने. साहजिकच त्याच्यावर 'परक्यांचा खेळ' असा शिक्का बसला. ज्याला लवकरात लवकर अमेरिकन व्हावयाचे होते, त्या स्थलांतरिताच्या मुलाने आपल्या बापाचा हा खेळ टाकला आणि बेसबॉलची बॅट हाती घेतली. वारशाची साखळी तुटली ती येथे.

ती किती तुटली होती, याची साक्ष १९५० सालच्या विश्वचषक स्पर्धेत मिळते. ब्राझीलमध्ये भरलेल्या या स्पर्धेत भारतालाही प्रवेश मिळाला होता, पण भारताचा संघ गेला नाही. अमेरिकेचा संघ गेला, आणि २९ जून रोजी बेलो होरिझोंते येथे त्याने बलाढ्य इंग्लंडला एक गोलने हरविले. या संघात एक शाळामास्तर होता. गोलरक्षक शववाहिका चालवीत असे. ज्याने गोल केला तो जो गेटजेन्स मूळचा हैती देशाचा. न्यू यॉर्कमध्ये शिक्षण घेत असताना तो एका उपाहारगृहात भांडी धूत असे. सारे जग थक्क झाले, पण अमेरिकेला या पराक्रमाची फारशी दखलही घ्यावीशी वाटली नाही. घरी आनंद मानणारेच कोणी नसेल, तर विजयाचीही आठवण राहत नाही.

पुढे ही उणीव पैशाने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या कॉसमॉस संघाने खुद्द पेले याला आणले. हाच संघ २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकत्यास ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला, ही गोष्ट बंगालमधील जुनी मंडळी अद्यापि विसरलेली नाहीत. त्यानंतर आठवड्याभरातच पेलेने न्यू जर्सीत आपला निरोपाचा सामना खेळला. नटसम्राट रंगमंचावरून उतरताच जसा प्रेक्षागृह रिकामे व्हावे, तसे हळूहळू झाले. १९८४ च्या हंगामानंतर ती सारी लीगच बंद पडली.

परंतु या झगमगाटाच्या आड एक मूक काम चालू होते. १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे काही पालकांनी मुलांसाठी एक सॉकर संघटना काढली. संघातील प्रत्येक मुलाला खेळावयास मिळालेच पाहिजे, हा तिचा दंडक. चेंडू मारण्यास उंची लागत नाही, दांडगाई लागत नाही आणि साहित्यही फारसे लागत नाही. त्यामुळे उपनगरांतील आयांना हा खेळ मनापासून आवडला. १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे व मुली असा भेद करण्यास मनाई केली. या कायद्यामुळे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांची दारे मुलींना उघडली, आणि ज्या खेळावर पुरुषांची मिरासदारी बसलेली नव्हती, त्या सॉकरकडे त्या मोठ्या संख्येने वळल्या. १० जुलै १९९९ रोजी पॅसाडेना येथे स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा ९०,१८५ प्रेक्षक हजर होते. चीनविरुद्धच्या त्या सामन्यात ब्रँडी चॅस्टेनने निर्णायक पेनल्टी मारली, आणि असंख्य अमेरिकन मुलींना प्रथमच असे वाटले की हा खेळ कोणाचा उसना आणलेला नाही. तो आपलाच आहे.

पुरुषांचा विश्वचषक १९९४ मध्ये अमेरिकेत भरला. ज्यांना या खेळाचे वावडे आहे अशी ख्याती, त्यांच्याच देशात सामन्यांना एकंदर ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. १९९६ मध्ये नवी लीग सुरू झाली. तिच्या चालकांना मात्र धास्ती होती की बरोबरीत सुटणारा सामना अमेरिकन माणसाला अळणी लागेल. म्हणून त्यांनी घड्याळ उलटे चालविले, आणि बरोबरी झाल्यास खेळाडूने पस्तीस यार्डांवरून चेंडू घेऊन पाच सेकंदांत गोल करावा, अशी एक चमत्कारिक शर्यत ठेवली. ज्यांना रिझविण्यासाठी हा खटाटोप होता ते काही आले नाहीत, आणि ज्यांना खेळ कळत होता ते तरुण मात्र दुखावले. त्यांना जग जो खेळ खेळते तोच हवा होता. १९९९ च्या हंगामानंतर या क्लृप्त्या गुंडाळण्यात आल्या. सॉकरच्या अमेरिकेतील इतिहासात या माघारीला मोठे महत्त्व दिले पाहिजे, कारण तरुण प्रेक्षकांच्या आवडीपुढे व्यापाऱ्यांचा अंदाज येथे हरला.

या तरुणांची खेळाशी ओळख निरनिराळ्या वाटांनी झाली. कोणी लहानपणी शनिवारच्या सकाळी मैदानावर धावला होता. कोणी व्हिडिओ गेममध्ये बार्सिलोना किंवा लिव्हरपूलचे संघ चालविता चालविता त्या खेळाडूंची नावे पाठ केली. दूरचित्रवाणीवर इंग्लंडमधील सामने अमेरिकेत सकाळीच दिसतात; ते पाहण्यासाठी उजाडण्यापूर्वी पानगृहात जमणारी मंडळी तेथील शहरांत दिसू लागली. कित्येकांना ही गोडी मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेल्या वर्गमित्रांनी लावली. पंचेचाळीस मिनिटे जाहिरातीवाचून अखंड चालणारा खेळ, हेही त्यांना एक सुखद नवल वाटले. सिअॅटल व पोर्टलंड येथे तर प्रेक्षकांनी नव्या चालीरीतीच निर्माण केल्या. पोर्टलंड हे लाकडाच्या व्यापाराचे जुने शहर. तेथील संघाने गोल केला की मैदानाकडेला करवतीने ओंडक्याची एक चकती कापतात, आणि सामना संपल्यावर ती गोल करणाऱ्याच्या हाती देतात.

गॅलप संस्थेने २०१७ च्या अखेरीस घेतलेल्या पाहणीत, पाहण्यास सर्वांत आवडता खेळ म्हणून ७ टक्के लोकांनी सॉकरचे नाव घेतले, तर राष्ट्रीय खेळ म्हणून गौरविल्या गेलेल्या बेसबॉलला ९ टक्के मिळाले. सॉकरचे हे चाहते मुख्यतः तरुण व मध्यमवयीन होते. पंचावन्नच्या पुढील वयात ते शोधूनच काढावे लागत. अमेरिकन फुटबॉल अर्थातच ३७ टक्क्यांवर, फार पुढे होता. तेव्हा सिंहासन डळमळले असे समजण्याचे कारण नाही. पण वारसदारांची मने मात्र दुसरीकडे वळू लागली होती.

या चित्राला एक काळी किनारही आहे. ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत जो खेळ गरिबाचा मुलगा गल्लीत चिंध्यांच्या चेंडूने शिकतो, तोच अमेरिकेत सुखवस्तूंचा छंद झाला. चांगल्या क्लबात प्रवेश, शिक्षकांचे वेतन, दूरगावच्या स्पर्धांचा प्रवास, यांसाठी पालकांना वर्षाकाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. त्यामुळे ज्याच्या घरात हा खेळ आजोबांपासून चालत आला आहे, तो माळीकाम करणाऱ्या मेक्सिकन मजुराचा मुलगा पुष्कळदा कुंपणाबाहेरच उभा राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोसारख्या चिमुकल्या देशाकडून हरून अमेरिकेचा पुरुष संघ २०१८ च्या विश्वचषकास मुकला, तेव्हा या दोषाची चर्चा घरोघर झाली. त्याचे निवारण अजिबात होत नाही असे नाही. लीगमधील अनेक संघ निवडक मुलांना विनाशुल्क शिक्षण देतात. १९९४ च्या स्पर्धेच्या शिलकेतून निघालेली एक संस्था दाट वस्त्यांतून लहान मैदाने बांधून देते. परंतु ही मैदाने गरजेच्या मानाने थोडी आहेत.

२०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांना मिळून देण्यात आले. ४८ संघांची ही योजना १९९४ च्या दुपटीची. त्या वर्षी जी मुले वडिलांना ओढून मैदानावर घेऊन गेली, ती आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्या मुलांना हा खेळ शोधावा लागणार नाही. तो त्यांना घरातच मिळेल. तुटलेली साखळी अशा रीतीने पुन्हा जुळली आहे. परंतु ती प्रथम तुटली होती ती फॉल रिव्हरच्या गिरणी कामगाराच्या मुलाच्या हातून. आज कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मजुराच्या मुलाला आत बोलाविले जाईल, तेव्हाच ती पुरी सांधली असे म्हणता येईल.