ज्याला समाधी नाही

(नौदल दिनानिमित्त विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत असतात. आजची कथा मात्र नौदलातील खालच्या पायरीवरील एका अठरा वर्षांच्या खलाशाची आहे. त्याचे नाव एडवर्ड शीन. त्याला सारे टेडी म्हणत.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया हे बेट आहे. तेथील लोअर बॅरिंग्टन या खेड्यात २८ डिसेंबर १९२३ रोजी टेडीचा जन्म झाला. वडील मजूर, टेडी हे त्यांचे चौदावे अपत्य. शाळा संपल्यावर तो शेतांवर राबू लागला. दुसरे महायुद्ध पेटले, भाऊ सैन्यात गेले आणि एप्रिल १९४१ मध्ये टेडीही नौदलात दाखल झाला. ‘आर्मिडेल’ या छोट्या युद्धनौकेवर विमानविरोधी तोफेत गोळ्या भरण्याचे काम त्याच्याकडे आले.

१९४२ च्या नोव्हेंबरअखेर ही नौका डार्विन बंदरातून तिमोर बेटाकडे निघाली. जपानने व्यापलेल्या त्या बेटावरून सैनिकांना व निर्वासितांना सोडवून आणायचे होते. १ डिसेंबरच्या दुपारी जपानी विमानांनी तिला गाठले. टॉर्पेडो लागले, नौका कलली आणि ती सोडून देण्याचा हुकूम सुटला. विमाने पाण्यात पडलेल्यांवरही गोळ्या झाडीत होती. तराफा मोकळा करण्यास हातभार लावल्यावर टेडीला छातीत व पाठीत जखमा झाल्या. तो मागे वळला, तोफेपाशी गेला, पट्ट्याने स्वतःला तिच्याशी बांधून घेतले आणि मारा सुरू केला. एक विमान कोसळले. पाणी पायांशी आले, तरी तोफ थांबली नाही. अखेर नौकेबरोबर तोही समुद्रात दिसेनासा झाला. त्याचा एकोणिसावा वाढदिवस चार आठवड्यांवर आला होता.

त्याने पाण्यात उडी टाकली असती, तर कोणी दोष दिला नसता. हुकूमच तसा होता. परंतु त्याचे सोबती पाण्यात उघडे पडले होते. तोफ जितका वेळ धडधडेल, तितका वेळ त्यांना जीव वाचविण्यास मिळणार होता. टेडीच्या शौर्याचे मूळ शत्रूच्या द्वेषात शोधू नये. ते सोबत्यांविषयीच्या मायेत आहे.

नौकेवरील १४९ जणांपैकी ४९ जगले. होड्यांत व तराफ्यांवर दिवस काढून ते परतले आणि त्यांनी जे पाहिले ते सांगितले. तरीही त्या काळी टेडीच्या वाट्याला लष्करी खलित्यातील गौरवपर उल्लेखच आला. १९९९ साली त्याच्या नावाच्या पाणबुडीचे जलावतरण त्याच्या बहिणीच्या हस्ते झाले. व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मिळण्यास मात्र २०२० साल उजाडावे लागले. ७८ वर्षे! आप्तांनी आणि वाचलेल्या सोबत्यांनी धरलेल्या चिकाटीचे ते फळ होते.

परंतु त्याच्याबरोबर गेलेल्या उरलेल्या ९९ जणांचे काय? शेवटच्या क्षणी कोणी कोणाला तराफ्यावर ढकलले, कोणी आपली जागा दुसऱ्यास दिली, हे पाहणारे डोळेही कदाचित समुद्रानेच नेले. साक्षीदार लाभला नाही म्हणून कोणी कमी शूर ठरत नाही.

आपल्या देशानेही हे दुःख भोगले आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीकच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकास देऊन नौकेबरोबर जलसमाधी घेणारे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपल्याला ठाऊक असतात. त्या १७६ जणांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकू?

भूमीवर पडलेल्या वीराच्या समाधीवर फूल वाहता येते. समुद्रात हरवलेल्याच्या आईला तेवढाही आधार उरत नाही. उरते ते केवळ नाव. म्हणून मुलांनो, एखाद्या युद्धस्मारकापुढे उभे राहाल, तेव्हा छायाचित्र काढून लगेच परतू नका. तेथे कोरलेले एक तरी अनोळखी नाव मोठ्याने वाचा आणि घरी जाऊन कोणाला तरी सांगा.