ब्रिटनमधील सायकलप्रवास



सायकलीवर बसून देश पाहावा ही माझी हौस शाळामास्तर असल्यापासूनची. परंतु ती फेडण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, मुलगा इंग्लंडमध्यें राहूं लागल्यावर आला. निघण्यापूर्वीं मुलानें एवढेंच बजावलें कीं, "बाबा, अंतर मोजूं नका, वारा आणि चढ मोजा." ब्रिटनमध्यें सायकलीनें हिंडूं इच्छिणाऱ्यांना मीहि आज तेंच सांगणार आहें.

त्या बेटावर वारा बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. अटलांटिक महासागरावरून आलेला हा वारा पाठीशीं असला तर अर्धें काम तोच करतो. समोर असला तर सपाट रस्ताहि घाट वाटूं लागतो. म्हणूनच उभें बेट ओलांडणारे बहुतेक सायकलस्वार नैर्ऋत्य टोंकाच्या लँड्स एंडहून निघतात आणि स्कॉटलंडच्या ईशान्य टोंकाजवळील जॉन ओ'ग्रोट्सला पोंचतात.

आम्हीं आपल्या शक्तीप्रमाणें आडवा मार्ग धरला: पश्चिमेच्या व्हाइटहेवनहून पूर्वेच्या टाइनमथपर्यंत. १९९४ सालीं खुला झालेला हा मार्ग सुमारें २२५ किलोमीटरांचा आहे. निघतांना मागलें चाक आयरिश समुद्रांत भिजवावें आणि पोंचल्यावर पुढलें चाक उत्तर समुद्रांत, असा तेथील प्रघात आहे. प्रथम सरोवरांचा डोंगराळ मुलूख लागतो. पश्चिमेचे ढग येथेंच रिते होतात. केझिकच्या दक्षिणेस सीथवेट नांवाचें खेडें आहे. तेथें वर्षाला सुमारें ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर टाइनमथच्या बाजूस ६०० च्या आसपास. आपल्याकडे कोंकण आणि देश यांत जो भेद, तोच हा.

पेनरिथ मागें टाकल्यावर पेनाइन पर्वत समोर येतो. त्यावरील हार्टसाइडचा घाटमाथा ५८० मीटर उंच आहे. येथें वाऱ्याच्या नियमाला एक अपवादहि आहे. क्रॉस फेल शिखराकडून ईडन नदीच्या खोऱ्यांत ईशान्येचा एक बोचरा वारा उतरतो; त्याला 'हेल्म' म्हणतात. स्वतःचें नांव असलेला ब्रिटनमधील हा एकच वारा! त्याचा जोर हिंवाळ्याच्या अखेरीस व वसंतांत अधिक. आम्ही जूनमध्यें गेलों, म्हणून तो आम्हांस भेटला नाहीं. तरी चढावर माझे गुडघे बोलूं लागले आणि मी उतरलों. मुलगा पुढें गेला होता. चौदा वर्षांचा नातू सोबत होता. त्याच्यादेखत उतरावें लागलें याची लाज वाटली. तोहि खालीं उतरला आणि म्हणाला, "आजोबा, चालत गेलों तरी माथा तेथेंच आहे." वर पोंचेपर्यंत आम्ही दोघे सायकली हातीं धरून चाललों. माथ्यावरचें जुनें उपाहारगृह २०१८ सालीं जळालें. तेव्हां शिदोरी बरोबर असलेली बरी.

आणखी एकदोन चढ संपले कीं पुढें सुख आहे. पूर्वेकडील बराच मार्ग जुन्या लोहमार्गांवरून जातो. वाफेच्या इंजिनाला खडा चढ सोसत नसे, म्हणून बांधणारांनीं बहुतेक ठिकाणीं चढउतार सौम्य राखले. आगगाड्या गेल्या, सौम्यपणा मागें राहिला, आणि तो आमच्यासारख्या वृद्धांच्या उपयोगीं पडला. ब्रिस्टल ते बाथ हा सुमारें २१ किलोमीटरांचा मार्ग आणि कॉर्नवॉलमधील कॅमल नदीकांठचा मार्ग याच जातीचे आहेत. नवख्यानें तेथूनच आरंभ करावा.

ऋतूविषयीं म्हणाल, तर मे, जून व सप्टेंबर हे महिने उत्तम. जूनच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्यें दिवस सुमारें १७ तासांचा असतो. घाई करण्याचें कारणच उरत नाहीं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत मात्र भर उन्हाळ्यांत 'मिज' नांवाच्या बारीक माशा चावून हैराण करतात. तेथें मे महिन्याचा आरंभच बरा. वाहनें आपल्यासारखींच डावीकडून जातात, ही एक सोय.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं टाइनमथच्या वाळूंत माझें पुढलें चाक लाटेनें भिजलें. वय झालें म्हणून ज्यांनीं आपली सायकल अडगळींत टाकली असेल, त्यांनीं ती पुसून बाहेर काढावी. मात्र निघण्यापूर्वीं वारा कोठला आहे तें पाहावें, आणि चढ आला तर खुशाल उतरावें.