पीयूसीची चिठ्ठी आणि आपली साक्ष

(शिरोळ येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



भावांनो आणि बहिणींनो, आज मी गाडीच्या धुरावर बोलणार आहे. हसू नका. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण गॅरेजमध्ये, टेंपोवर, रिक्षावर किंवा भंगाराच्या धंद्यात आहेत. बाकीच्यांकडे निदान मोटारसायकल आहे. त्यामुळे हा विषय सगळ्यांच्याच खिशातला आहे.

आपला तालुका हद्दीवरचा. उदगावहून कृष्णा ओलांडली की सांगली जिल्हा लागतो, दत्तवाडच्या पुढे दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. पलीकडे गेलं की पाटीसुद्धा बदलते. आपण 'पीयूसी' म्हणतो, तिकडे 'एमिशन टेस्ट' म्हणतात. मग आपली पोरं विचारतात, आपली चिठ्ठी तिकडे चालते का?

चालते. गाडीच्या धुराचा नियम केंद्राचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 115. पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की पीयूसी लागते. जुन्या गाड्यांना ती दर 6 महिन्यांनी काढायची, बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना वर्षाने. 2021 मध्ये केंद्राने सगळ्या देशासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरवला. त्यावर क्यूआर कोड असतो. मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेली कागदपत्रंही ग्राह्य आहेत. तेव्हा नाक्यावर कुणी अडवलं तर घाबरून खिशात हात घालू नका. नम्रपणे मोबाईल दाखवा. धुराचा संशय असेल तर अधिकारी गाडी तपासून घ्यायला सांगू शकतो आणि त्यासाठी नियम 116 मध्ये 7 दिवसांची मुदत आहे. ज्याला कायदा माहीत असतो, त्याला भांडावंही लागत नाही आणि वाकावंही लागत नाही.

मग फरक कुठे आहे? पहिला फरक पैशाचा. तपासणीची फी प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. महाराष्ट्राने 2022 मध्ये दुचाकीची फी 35 वरून 50 रुपये केली आणि डिझेल गाडीची 110 वरून 150. दंडाचंही तसंच. कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. पण जागेवर तडजोडीने किती घ्यायचे ते राज्य ठरवतं. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर एकाच चुकीची किंमत वेगळी असू शकते.

दुसरा फरक खोलवरचा आहे. 1 एप्रिल 2010 ला बीएस-4 हे मानक काही निवडक शहरांतच लागू झालं. त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूर होतं. कोल्हापूर नव्हतं. इथे बीएस-3च लागू झालं. सगळ्या देशाला बीएस-4 मिळायला 1 एप्रिल 2017 उजाडलं. आता 2011 सालच्या दोन डिझेल मोटारी घ्या, एक सोलापुरात विकलेली बीएस-4, एक कोल्हापुरात विकलेली बीएस-3. तपासणीत पहिलीला धुराची मर्यादा 50 एचएसयू, दुसरीला 65. म्हणजे कोल्हापूरच्या मोटारीला जास्त धूर सोडायची मुभा. फुफ्फुसं मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत.

दिल्लीचं बघा. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये राजधानी परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते उचलून धरलं आणि 2025 मध्ये कारवाईला आवर घातला. जगातही एकच माप नाही. कॅलिफोर्नियात धूर तपासणी सक्तीची आहे, फ्लोरिडाने ती 2000 मध्ये बंद केली.

जिथे हवा जास्त बिघडली तिथे नियम कडक, हे एका अर्थी बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम कुणी बोलत नाही. मोठ्या शहरात नको झालेली गाडी भंगारात जातेच असं नाही. ती एनओसी घेऊन लहान गावात येते. स्वस्त मिळते म्हणून आपल्यासारखा माणूस ती घेतो आणि शहराचा धूर गावात येतो. आपली हवा तरी कुठे स्वच्छ आहे? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांची यादी आहे. त्यात कोल्हापूरही आहे आणि सांगलीही. शिरोळ या दोघांच्या मध्ये.

आता माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जुनी डिझेल पिकअप होती. पीयूसी संपली होती, घाई होती. एका ओळखीच्याला नंबर प्लेटचा फोटो पाठवला. गाडी दारात आणि चिठ्ठी हातात. धुराचा आकडा अगदी झकास छापलेला. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, तर अम्मीने पदर नाकाला लावला. तिला दमा होता. म्हणाली, "चिठ्ठी है बोलता ना तू? फिर ये धुवाँ कायका?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या चिठ्ठीवर माझ्या गाडीचा नंबर होता आणि खाली खोटा आकडा. कोर्टात खोटी साक्ष देणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. मग ही कसली साक्ष होती? मापात पाप करणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. आपण ती वाचताना किराणा दुकानदार आठवतो. धुराचं मापही मापच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग गाडी खरोखर तपासायला नेली. सायलेन्सरमध्ये नळी घातली, ॲक्सिलरेटर दाबला, गाडी नापास. एअर फिल्टर बुजला होता, नोझल खराब होतं. दोन्हीचं काम केलं आणि गाडी पास झाली. पुढे डिझेलही कमी लागायला लागलं. तपासणी हा मला दंड वाटत होता, निघालं ते निदान.

तेव्हा तीन गोष्टी करा. गाडी न नेता चिठ्ठी घेऊ नका. गॅरेजवाल्या भावांनी गिऱ्हाइकाला आधी फिल्टर आणि नोझल दाखवावं, मग पीयूसीला पाठवावं. आणि जुनी गाडी घेताना किमतीआधी आरसी बघा, ती कुठल्या शहरातून आली आणि कुठल्या बीएसची आहे ते विचारा.

रस्त्यातला काटा उचलणं सवाबचं काम आहे, हे आपण मदरशात शिकलो. काटा फक्त पायात रुततो, धूर तर शेजाऱ्याच्या छातीत जातो. नियम हद्दीवर बदलतील, आपला अखलाक बदलू नये. अल्लाह आपल्याला खरं वागायची तौफीक देवो. आमीन.