साकव आणि शकुंतलाबाई



साकव ठाऊक नाही असा माणूस आपल्या मालवण मुलखात सापडायचा नाही. व्हाळाच्या दोन्ही काठांना दगड रचायचे, त्यांवर माडाचे दोन-तीन सोट टाकायचे, वर आडव्या फळ्या ठोकायच्या आणि एका अंगाला हाताच्या आधाराला बांबू बांधायचा. झाला साकव. पावसाआधी तो नवा घालावा लागे. एखाद्या वर्षी तो श्रावणापर्यंत टिके, एखाद्या वर्षी मिरग सरायच्या आत वाहून जाई. मग सकाळी आई म्हणायची, "व्हाळाक पाणी इला, आज शाळा नाय." आम्हां पोरांना आनंद व्हायचा. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि हजेरीपट मांडू लागले, तेव्हा त्या आनंदाची किंमत कळली. एकाच वाडीची सगळी मुले एकाच दिवशी गैरहजर. अपूर्णांक शिकवले ते नेमके त्याच आठवड्यात. ती मुले अपूर्णांकात मागे पडली, ती पडलीच.

हे सांगायचे कारण असे की, आज एका बाईंची आठवण करायची आहे. त्यांनी पूल बांधले आणि पूल कसे बांधावेत हे शिकवलेही. त्यांचे नाव शकुंतला भगत.

त्यांचा जन्म 1933 चा, माहेरचे नाव जोशी. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले नामांकित अभियंते, तेव्हा घरात पुलांचा विषय काही नवा नव्हता. पण वडिलांचा धंदा मुलाने उचलावा, मुलीने नव्हे, असे मानण्याचा तो काळ. शकुंतलाबाईंनी मुंबईत माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. मध्ये नाव घातले आणि 1953 साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. कोणी कोणी बाईंना 'देशातली पहिली स्त्री स्थापत्य अभियंता' म्हणतात. ते तितकेसे बरोबर नाही. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून केरळच्या पी. के. थ्रेसिया त्यांच्या आधीच, चाळीसच्या दशकात, ही विद्या शिकून बाहेर पडल्या होत्या. पण पहिली की दुसरी, या हिशेबाने बाईंचे काही कमी होत नाही.

1964 साली अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची उच्च पदवी त्यांनी घेतली. मुंबईला पवईच्या आय. आय. टी. त त्या शिकवीत, आणि तिथली मोठ्या बांधकामांची प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. अशा प्रयोगशाळेत काय चालते? तुळई मांडायची, तिच्यावर भार चढवीत जायचे, ती कुठे वाकते, कुठे तडा जातो ते पाहायचे आणि लिहून ठेवायचे. पुस्तकातले गणित खरे की खोटे, ते तिथे कळते.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येते. जरा नीट ऐका, कारण ते आपल्या घरच्या दाखल्याने चांगले समजते.

आपण घरावर मंगलोरी कौले घालतो. घर लहान असो वा मोठे, कौल तेच. लहानाला थोडी, मोठ्याला जास्त. प्रत्येक घरासाठी वेगळे कौल भाजायला कोणी बसत नाही. पुलाचे मात्र तसे नव्हते. नदी बदलली की गाळ्याची लांबी बदलली, रस्त्याची रुंदी बदलली, वरून जाणाऱ्या वाहनांचे वजन बदलले, की सगळे मोजमाप आणि आराखडे पहिल्यापासून. शकुंतलाबाई आणि त्यांचे यजमान अनिरुद्ध भगत (ते यंत्र अभियंते) यांनी ठरवले की पुलाचीही कौले करायची. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार ठेवायचे आणि तेच भाग निरनिराळ्या तऱ्हेने जुळवून लहानमोठा, रुंद-अरुंद, हलका-भारी असा हवा तो पूल उभा करायचा. 'क्वाड्रिकॉन' हे त्यांच्या व्यवसायाचे नाव. दोन पोलादी भाग एकमेकांना जोडायला रिव्हेट, बोल्ट किंवा वेल्डिंग लागते. त्याऐवजी वापरायला 'युनिशिअर' नावाचा जोडही त्यांनी शोधून काढला.

पहिले पूल उभे राहिले ते मुंबईच्या आसपास नव्हे, तर 1972 साली दूर हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत. तिथे रस्ते अरुंद, डोंगर उभे, आणि बर्फामुळे कामाचे महिने मोजकेच. चार महिन्यांत दोन लहान पूल झाले. 1978 पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत अशा पुलांची संख्या 69 झाली होती.

पैशाचे दान आपल्या डोळ्यांना चटकन दिसते. शाळेच्या भिंतीवर देणगीदाराची पाटी असते, आणि ती असावीच. पण जाणत्या माणसाने आपली विद्या इतकी सोपी करावी, की तो स्वतः हजर नसतानाही दूरच्या डोंगरातली माणसे तिच्या आधाराने काम उरकतील, हेही दानच. मी तर त्याला मोठे दान म्हणते. पुष्कळ हुशार माणसे आपली विद्या अवघड करून सांगतात. आम्ही शिक्षकही कधी कधी तेच करतो.

1993 साली त्यांना वर्षातील महिला अभियंता म्हणून गौरवण्यात आले. 2012 साली त्या निवर्तल्या. त्यानंतर चार वर्षांनी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला जुना पूल महापुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्या रस्त्याने मुंबईला न गेलेले घर आपल्याकडे विरळाच. पूल म्हणजे काय, हे कोकणाला त्या रात्री कोणी शिकवावे लागले नाही.

शिक्षकमित्रांना एक सांगते. मालवणला कुंभारमाठात सरकारी तंत्रनिकेतन आहे. दहावीच्या वर्गातली एखादी मुलगी भूमितीची आकृती स्वच्छ काढते, कंपास हातात धरला की तिला वेळेचे भान राहत नाही, अशी तुमच्या पाहण्यात असेल. तिच्या घरी एकदा जाऊन या. वडील म्हणतील, "बाई, ह्यां पोरग्यांचा काम." तेव्हा त्यांना शकुंतलाबाईंची गोष्ट सांगा. कौलांचा दाखला द्या, त्यांना तो लगेच पटेल. आणि जाताना वाटेत व्हाळ लागला, तर साकवावरून जरा सांभाळून जा.