टॅब्लेटवरची फुले, कागदावरची मुद्राचित्रे

फुलदाणीतल्या फुलांचे स्थिरचित्र हा चित्रकलेतला जुना विषय. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेमुळे तो महाराष्ट्रातल्या शाळांनाही परिचयाचा आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी हा विषय पडद्यावर नेला. २००९ मध्ये ते आयफोनवर बोटाने फुले काढून मित्रांना पाठवू लागले. पुढच्या वर्षी आयपॅड आला आणि चित्राला मोठी जागा मिळाली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या घरी त्यांनी फुलदाण्यांची मालिकाच रंगवली आणि तिची मुद्राचित्रे केली.

फुले थांबत नाहीत. बदलापूर गावातल्या परसातली जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते. टॅब्लेटवर रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून अशा फुलांना तो सोयीचा. पार्श्वभूमी, तांब्या, पाने, पाकळ्या वेगवेगळ्या थरांवर काढतात. एक थर बदलला तरी बाकीचे शाबूत राहतात. चुकलेली रेषा क्षणात मागे घेता येते. मात्र या सोयीची सवय लागली की रेषा बुजरी होते, आणि फुलाकडे नीट पाहण्याचे कष्ट तर कोणतेही यंत्र वाचवत नाही.

खरी परीक्षा छपाईची. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात शिळामुद्रण चाले. त्यात एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. आता शिळा गेल्या, पण रंगांचा पेच उरला. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. कागदावर शाई प्रकाश शोषून रंग दाखवते. त्यामुळे तेरड्याचा झगझगीत गुलाबी रंग कागदावर मंद उतरतो. यावर उपाय म्हणजे लहान नमुना छापून, तो दिवसाच्या उजेडात पाहून चित्र सुधारणे. आकारही आधीच ठरवावा लागतो: ए-३ कागदावर इंचाला ३०० ठिपके हवे असतील, तर चित्र सुमारे ३५०० बाय ५००० पिक्सेलचे लागते.

चांगल्या प्रतींसाठी आम्लरहित सुती कागद आणि रंगद्रव्याची शाई वापरतात. प्रतींची संख्या आधी जाहीर करून प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक व सही करतात. फाइलमधून हव्या तितक्या प्रती निघू शकतात. म्हणून ही मर्यादा पाळणे चित्रकाराच्या प्रामाणिकपणावरच अवलंबून असते. उल्हास नदीकाठच्या दमट पावसाळ्यात अशी चित्रे भिंतीला टेकवू नयेत. काच आणि कागद यांत थोडे अंतर ठेवून, थेट ऊन न लागेल अशा जागी ती लावावीत.