दोन जिवांची काळजी : वजन जास्त असताना आहार आणि व्यायाम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने क्लब हाउसमध्ये आरोग्यविषयक कार्यक्रम ठेवला होता. त्यात आपल्याच सोसायटीतील स्त्रीरोगतज्ज्ञ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा ज्या मुली खाली लंगडी खेळत होत्या, त्याच आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. सुना येतात त्या वेगळ्या. त्यामुळे लिफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो: "डॉक्टर, हिचं वजन आधीच जास्त आहे, आता काय खायला द्यायचं?" लिफ्टमध्ये तीन मजल्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर बोलते.

अशा मुलीला घरात दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." दुसरा म्हणजे, "आधीच एवढी आहेस, भात बंद कर, रात्रीचं जेवण सोड." गंमत अशी की कधी कधी दोन्ही सल्ले एकाच व्यक्तीकडून येतात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी! दोन्ही चूक आहेत. गरोदरपण ही वजन उतरवायची वेळ नाही. आणि वजन कितीही वाढलं तरी चालेल, अशीही ही वेळ नाही. वजन किती वाढावं हे ठरवून ते तेवढंच वाढू द्यायचं, एवढंच आपलं काम.

जास्त वजन म्हणजे किती?

किलोतलं वजन घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. हा झाला बीएमआय. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो असेल, तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे साधारण २.४, ७० भागिले २.४ म्हणजे २९. इथे वजन गरोदरपणाच्या आधीचं किंवा अगदी सुरुवातीचं धरायचं. जागतिक मोजमापात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्या भारतीयांना मधुमेह, रक्तदाब कमी वजनातच गाठतात, म्हणून आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हा आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा समजा, असं सांगतात.

वजन जास्त असेल तर गरोदरपणात साखर वाढणं, रक्तदाब वाढणं, बाळ फार मोठं होणं आणि सिझेरियनची गरज लागणं, या गोष्टींची शक्यता वाढते. शक्यता वाढते म्हणजे तसं होणारच असं नाही. जास्त वजनाच्या कितीतरी मुलींची बाळंतपणं व्यवस्थित पार पडतात. फक्त तपासण्या वेळेवर व्हायला हव्यात.

किती वाढावं?

२००९ साली अमेरिकेत झालेल्या शिफारशी आजही अनेक डॉक्टर आधाराला घेतात. एकच बाळ असेल, तर बीएमआय २५ ते ३० च्या दरम्यान असलेल्या स्त्रीचं वजन पूर्ण नऊ महिन्यांत ७ ते ११.५ किलो वाढावं आणि ३० च्या पुढे असेल तर ५ ते ९ किलो. चौथ्या महिन्यापासून हे आठवड्याला पाव किलोच्या आसपास येतं. तुमचा नेमका आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील, पण तो आकडा विचारून घ्या आणि फाइलवर लिहून घ्या.

"एवढंच वाढलं तर बाळाला काय मिळणार?" असं आजी विचारतात. हिशेब सोपा आहे. बाळ साधारण तीन किलो, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल पाऊण ते एक किलो, गर्भाशय एक किलो, वाढलेलं रक्त सव्वा-दीड किलो. झाले सातच्या आसपास. बाकी वाढते ती बरीचशी आईची चरबी आणि जास्त वजनाच्या आईकडे ती शिल्लक आधीच असते. म्हणून तिला सडपातळ मुलीइतकं वाढायची गरज नसते.

स्वयंपाकघरात काय बदलायचं?

पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही. मळमळत असेल तर थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा. चौथ्या महिन्यापासून भारतीय गर्भवतीला सरासरी ३५० कॅलरी जास्त लागतात, असं आपल्याकडची आहारविषयक मानकं सांगतात. ३५० कॅलरी म्हणजे किती? एक पोळी, एक वाटी उसळ आणि एक कप दूध. बस्स. हे झालं "दोघांचं". वजन जास्त असेल तर याहूनही कमी पुरतं.

ताटाचं साधं गणित ठेवा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात आणि पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे किंवा पनीर. सोबत दही किंवा ताक. भात बंद करायची गरज नाही. एक वाटी भात वरण आणि भाजीबरोबर खा. नुसता भात-बटाटा, त्यावर पापड, आणि भाजी मात्र चवीपुरती, असं जेवण साखर वाढवतं. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या भाकऱ्या चांगल्या. मोड आलेली मटकी, मूग, चवळी रोज असू द्या.

आता न दिसणारं खाणं. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, साधारण दोनशे कॅलरी. पोषण शून्य. इथूनच सुरुवात करा. गूळ घातला म्हणजे चालतं, हा गैरसमज आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते. फळांचा रस काढू नका, फळ चावून खा.

डिंकाच्या लाडवाबद्दल आयांना राग येईल, पण सांगते. मध्यम आकाराचा एक लाडू म्हणजे साधारण दोन पोळ्यांची ऊर्जा. तूप, खारीक, गूळ, सुकामेवा, सगळं त्यात असतं. प्रेमाने पाठवलेला डबा आहे, फेकू नका. आठवड्यातून एखादा, तोही नाश्त्याला जोडून नाही, तर त्याऐवजी अर्धा. साखर वाढलेली असेल तर तोही नको. डोहाळजेवणातही ताट सजवा, पण तिला आग्रह करू नका. ओटी फळांनी भरली तरी कौतुक तेवढंच होतं.

उपवास हा आपल्याकडचा खास विषय. दिवसभर पोट रिकामं आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर गोड दही. आधी उपाशी आणि नंतर एकदम पिष्टमय पदार्थांचा मारा, हे या काळात नको. साखर वाढलेली असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपवास करूच नका. मनाला फारच लागत असेल, तर डॉक्टरांशी बोलून फळ, दूध, दही, थोडे शेंगदाणे असं वेळच्या वेळी खाऊन तो दिवस पाळा.

गोळ्यांचं एक वाक्यात. फॉलिक ॲसिड शक्यतो दिवस राहण्याआधीपासून, त्याचा डोस डॉक्टर ठरवतील. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घ्यायची नाही, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी नाही.

चालायचं किती?

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, हे उद्दिष्ट आहे. ज्यांना सवयच नाही त्यांनी पहिल्या दिवशी अर्धा तास चालायचं नाही. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं, इथून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. वेग किती? चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी करा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे तर आपल्या बागेभोवती सहज होतं.

पोहणं चांगलं, कारण गुडघ्यांवर भार येत नाही. पडण्याची, पोटावर मार बसण्याची भीती असलेले खेळ नकोत. चार महिन्यांनंतर बराच वेळ उताणं झोपून करायचे व्यायाम टाळा. दुपारच्या उन्हात चालू नका, पाणी जवळ ठेवा, चप्पल घसरणारी नको. पावसाळ्यात मागच्या फरशांवर शेवाळ धरतं, तेव्हा पार्किंगमध्ये चाला.

आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही, अशी काही कारणं आहेत: वार खाली असणं, अंगावरून रक्त जाणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं, आधीचं बाळंतपण दिवस भरण्यापूर्वी झालेलं असणं, रक्तदाब वाढलेला असणं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणं.

आणि हे पान कापून फ्रिजवर लावा. व्यायाम करताना किंवा एरवीही रक्त गेलं, पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा आल्या, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, चेहरा-हात एकदम सुजले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. "सकाळी बघू" म्हणू नका.

तपासणी चुकवू नका

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. सरकारी पद्धतीत यासाठी उपाशीपोटी जायची गरज नसते. रक्तदाब मोजताना दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. मागायला लाजू नका.

लाजण्यावरूनच शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कितीतरी मुली तपासणीला उशिरा येतात, कारण वजनकाट्यावर उभं राहिलं की कोणीतरी काहीतरी बोलणार, अशी त्यांना भीती असते. कधी दवाखान्यात, कधी घरात, कधी आपल्याच गेटपाशी. "जुळी आहेत का गं?" हा विनोद करणाऱ्याला हसू येतं, पण ती मुलगी दुसऱ्या दिवशी फिरायला खाली उतरत नाही. आपल्या एका वाक्याने तिचा व्यायाम बंद पडतो, हे लक्षात घ्या. तिच्या ताटाकडे बघण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचं ताट तसंच करा. नवऱ्याने रोज वीस मिनिटं तिच्याबरोबर चालावं. आणि कार्यकारिणीला माझी विनंती आहे की फेरीच्या वाटेवर दोन बाकं आणि मागच्या कोपऱ्यात एक दिवा बसवावा. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात हा खर्च फार मोठा नाही.



श्रोत्यांचे काही प्रश्न

*योगासनं चालतील का?*
प्रशिक्षित शिक्षिकेकडे, तिला गरोदर असल्याचं सांगून, जरूर. पोटावर झोपायची आसनं, पोट पिळणारी आसनं, श्वास रोखून धरणं, कपालभाती, भस्त्रिका मात्र नको.

*फरशी पुसली की बाळंतपण नॉर्मल होतं, हे खरं का?*
बसून फरशी पुसल्याने नॉर्मल होतं असा काही पुरावा नाही. झेपत असेल तर घरकाम करावं, पण त्याला चालण्याचा पर्याय समजू नये.

*लग्नाआधीपासून वजन कमी करायचा कार्यक्रम चालू आहे. दिवस राहिले तर?*
कडक डाएट, सोळा-सोळा तासांचे उपास, वजन उतरवायच्या पावडरी थांबवा. वजन कमी करायची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील, तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगा, दिवस राहायची वाट बघू नका. गरोदरपणाच्या आधी थोडं वजन उतरलं तरी फायदा होतो.

*माझ्या सुनेला इन्सुलिन सांगितलंय. आता ते जन्मभर का?*
गरोदरपणातच सुरू झालेला मधुमेह असेल, तर बाळंतपणानंतर बहुतेक वेळा इन्सुलिन बंद होतं. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, त्यामुळे घाबरू नका. पण बाळ सहा आठवड्यांचं झालं की आईची साखर पुन्हा तपासायची असते. बाळाची लस सगळ्यांच्या लक्षात असते, आईची ही तपासणी मात्र राहून जाते. पुढे काही वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता तिला इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून नंतरही ठरावीक काळाने साखर तपासत राहा. कॅलेंडरवर बारशाच्या तारखेबरोबरच ही तारीखही लिहून ठेवा.